सुरीनामचे नेस्टी सर

आज आम्ही एका पोहणाऱ्या माणसाची गोष्ट घेऊन आलो आहोत. त्यांचं नाव अँथनी नेस्टी. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात ते पोहण्याचे कोच आहेत, म्हणून आपण त्यांना नेस्टी सरच म्हणू.

सर सुरीनामचे. दक्षिण अमेरिकेतला हा चिमुकला देश. १८७३ पासून आपल्याकडच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली माणसं मजुरीच्या करारावर तिथे नेली गेली, त्यांची पतवंडं आजही तिथे आहेत. सर मात्र कृष्णवर्णीय. जन्म १९६७ चा, त्रिनिदादमधला. तान्हे असतानाच घरचे सुरीनामला आले. स्पर्धेला लागतो तसा पन्नास मीटरचा तलाव तेव्हा सबंध देशात एकच होता. त्यात शिकून मुलगा सोळाव्या वर्षी १९८४ च्या ऑलिंपिकला गेला आणि एकविसावा आला. मग त्याला फ्लोरिडातल्या बोल्स शाळेत घातलं. तिथे ग्रेग ट्रॉय नावाचे कोच भेटले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

त्या काळात अमेरिकेत काय बोललं जायचं, तेही ऐका. १९८७ साली बेसबॉलमधल्या एका बड्या अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं, की काळ्या माणसांचं अंग पाण्यावर तरंगत नाही, म्हणून ते चांगले पोहत नाहीत. खरं कारण निराळंच होतं. कित्येक वर्षं त्यांना तलावात उतरूच दिलं नव्हतं! ज्यांना पाण्याजवळ फिरकू दिलं नाही, त्यांना पोहता कुठून येणार? पाणवठा कोणाचा, हे भांडण आपल्याला काही नवं नाही.

पुढच्याच वर्षी सोलचं ऑलिंपिक. शंभर मीटर बटरफ्लाय. यात दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे टाकायचे आणि पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे मारायचे; फार दमवणारा प्रकार. स्पर्धेत मॅट बियोंडी, ज्याने त्या एका ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णपदकं नेली. बियोंडी पुढे होता. शेवटी भिंत जवळ आली, पण हात पुरेना. आणखी एक हात मारायचा की आहे तसंच सरकत जायचं? तो सरकत गेला. नेस्टींचा हात नेमका भिंतीवर पडला. नेस्टी ५३.०० सेकंद, बियोंडी ५३.०१. सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातला एक! पोहण्यात एकट्याच्या बळावर ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय पुरुष. अशी पहिली बाई, अमेरिकेची सिमोन मॅन्युएल, व्हायला २०१६ उजाडलं. मधे अठ्ठावीस वर्षं गेली बघा.

सुरीनामने त्यांच्या नावाने क्रीडागृह केलं. १९९२ साली त्यांनी कांस्यपदकही आणलं. त्या देशाची ऑलिंपिक पदकं एवढी दोनच, दोन्ही सरांची.

आम्हाला यापुढचा भाग जास्त आवडतो. ट्रॉय सर फ्लोरिडा विद्यापीठात मुख्य कोच झाले, आणि सुवर्णपदकवाला हा शिष्य त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून उभा राहिला. जवळजवळ वीस वर्षं. पहाटेचा सराव, हातात घड्याळ, नाव मात्र दुसऱ्याचं. २०१८ साली ते मुलांच्या संघाचे मुख्य कोच झाले, २०२१ पासून मुलींचेही. सर मितभाषी आहेत म्हणतात. असेनात का, पोरं ऐकतात ना!

केटी लेडेकी हे नाव काही जणींनी ऐकलं असेल. लांब पल्ल्याची जगातली सर्वांत मोठी पोहणारी. २०२१ नंतर ती आपणहून सरांकडे आली आणि तिथल्या मुलांच्या बरोबरीने सराव करू लागली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने ८०० मीटरचं सुवर्ण सलग चौथ्या ऑलिंपिकमध्ये जिंकलं. त्याच वेळी सर अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य कोच होते. ऑलिंपिकमध्ये त्या देशाच्या पोहणाऱ्यांचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. पुरुषांचं वर्ष तसं फिकंच गेलं. वैयक्तिक सुवर्ण एकच मिळालं, तेही शेवटच्या दिवशी, पण ते सरांच्याच बॉबी फिंकने १५०० मीटरमध्ये विश्वविक्रमासह मिळवलं.

मागे गटाच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, पोहायला कोणाकोणाला येतं? हात अगदी थोडे वर आले. त्या सगळ्या माहेरच्या विहिरीत, कमरेला दोर आणि पाठीला डबा बांधून शिकलेल्या, भावांसोबत. न्हाण आलं आणि विहीर बंद झाली. भाऊ पोहतच राहिले. कपडे धुवायला, पाणी शेंदायला विहिरीवर आणि नदीवर जातो मात्र आपणच. पाय घसरला तर काय, हे कोणी विचारत नाही.

तुमच्या गावात मुलींना पोहायला शिकवणारी एखादी आत्या, मामी, बाई किंवा सर आहेत का? असतील तर केंद्रावर कळवा. सुट्टी लागायच्या आत आम्हाला त्यांना इथे बोलवायचं आहे.