न चावता आणलेलं

धाकट्याने उल्हासनगरच्या मित्राकडून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं, त्या संध्याकाळी अम्मीने अट घातली. ‘‘कुत्रा ठेवायचा तर त्याला काम हवं. राखणीचा असो, शिकारीचा असो. नुसता लाडाचा नको.’’ अंबरनाथमधल्या आमच्या दोन खोल्यांत तीन पिढ्या आणि नमाजाची चटई. तिचं म्हणणं खोडायचं कसं? धाकटा म्हणाला, ‘‘दादी, हा जातीचाच शिकारी आहे.’’

खोटं नव्हतं ते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे कोळी गारठलेल्या समुद्रातून जाळी आणि निसटलेले मासे आणायला जे कुत्रे पाळत, त्यांचा हा वंशज. इंग्रजांनी त्यांना आपल्या देशात नेलं आणि बंदुकीने पाडलेली बदकं पाण्यातून आणायच्या कामाला लावलं. आतली दाट लव, वरचे तेलकट केस, सुकाणूसारखी जाड शेपूट, ही सगळी थंड पाण्याचीच तयारी. आपल्याकडे शिकारीला कायद्याने बंदी, तेव्हा मोतीच्या वाट्याला बदकाऐवजी कापडाची गुंडाळी आली.

शिकवण्यातली खरी गोम पळण्यात नाही, थांबण्यात आहे. गुंडाळी फेकली तरी हुकूम होईपर्यंत बसून राहायचं. मग आणायची, पण दात रुतवायचे नाहीत. म्हणून गुंडाळीची ओढाओढ खेळायची नाही. त्याने तोंड कडक होतं. काठावर येताच अंग झाडायला कुत्रा तोंडातलं खाली टाकतो. जखमी पक्षी तेवढ्यात निसटायचा. म्हणून आधी हातात द्यायचं, मग अंग झाडायचं.

हे ऐकून अम्मी सावरून बसली. शिकवलेल्या कुत्र्याने धन्यासाठी धरलेलं सावज कुराणाने हलाल ठरवलं आहे. सोडताना अल्लाहचं नाव घ्यायचं. कुत्र्याने त्यातलं स्वतः खाल्लं, तर ते धन्यासाठी धरलेलं नव्हे, असं हदीस सांगते. ‘‘मग शिकवा,’’ ती म्हणाली.

घोळ मी घातला. जानेवारीतल्या एका सकाळी बदलापूरला उल्हास नदीवर गेलो. मोती काठावरच कुंकू करत उभा. पोहणं तर याच्या रक्तात, असं म्हणत मी पट्टा धरून त्याला ओढत पाण्यात नेलं. तो धडपडत बाहेर आला आणि माझ्यापासून चार हात लांब बसला. त्यानंतर महिनाभर नदीचा रस्ता दिसला की पाय रोवायचा. पंचावन्न वर्षांचा कवी मी, शब्दांची घाई करू नये हे नवोदितांना सांगतो. मुक्या जनावराला तेवढी सवड दिली नाही.

धाकट्याने मार्चमध्ये पुन्हा श्रीगणेशा केला. पाणी कोमट, उथळ. तो स्वतः घोट्यापर्यंत आत जाऊन नुसता उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी मोतीने पंजे भिजवले. गुंडाळी आधी काठावर पडायची, मग वीतभर आत, मग पोहावं लागेल इतकी लांब. थंडीची सवय सर्वांत शेवटी, डिसेंबरात, दोन-तीन फेऱ्यांपुरतीच. गार पाण्यात फार पोहला तर शेपटीचे स्नायू आखडून ती लुळी पडते. बाहेर आल्यावर पोट आणि कानाच्या पाळ्या कोरड्या पुसायच्या, वाऱ्यात बसू द्यायचं नाही.

त्या डिसेंबरात मोतीने पहिल्यांदा नदीच्या मध्यातून गुंडाळी आणली. धाकट्याला दिली नाही. काठावर मी उभा होतो, माझ्या हातात ठेवली. मगच अंग झाडलं. मी नखशिखांत भिजलो.

घरी आलो तर दाराबाहेरच्या खिळ्याला अम्मीची जुनी सुती चादर टांगलेली. ‘‘त्याच्यासाठी आहे,’’ ती आतून म्हणाली, ‘‘तू टॉवेल घे.’’