३२,७६८ तासांची डिस्क

दिंद्रुडला बसून मोबाईलवर सातबारा उघडता ना, तो कुठल्यातरी सर्व्हरच्या डिस्कवरून येतो. ती डिस्क ठरल्या तासालाच मेली तर?

नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीई कंपनीनं स्वतःच सांगितलं: आमच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडणार. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. डेटाही परत मिळणार नाही. दोष फर्मवेअरचा.

खरी गोम पुढंच आहे. रेडमध्ये एक डिस्क गेली की बाकीच्या सांभाळून घेतात. पण सगळ्या एकाच दिवशी सुरू केलेल्या असतील तर जातीलही जवळपास एकदमच! मग कोण कुणाला सांभाळणार? उपाय म्हणजे वेळेआधी एचपीडी८ फर्मवेअर टाकायचं, आणि बॅकअप वेगळ्या मशीनवर. त्याच पेटीत नको, बाबांनो.

मार्च २०२०मध्ये दुसऱ्या काही डिस्कचं तसंच निघालं, ४०,००० तासांवर. तिथं एचपीडी७.