दिवाळींतला व्यायाम

वसुबारस आली कीं, ताथवड्याच्या उंच इमारतींतून तळणाचा खमंग वास दरवळूं लागतो. २००९ सालीं पिंपरी-चिंचवड महापालिकेंत सामील झालेलें हें एके काळचें शेतकऱ्यांचें खेडें आतां पगारदार कुटुंबांनीं भरून गेलें आहे. हिंजवडीच्या कचेऱ्या व चाकणचे कारखाने यांना सुटी लागते, आणि त्याच दिवशीं व्यायामालाही सुटी मिळते!

श्रोतेहो, अशाच एका कुटुंबांतील पन्नाशीच्या गृहस्थाचें उदाहरण घ्यावें. रक्तांतील साखर वाढूं लागल्याचें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून तो रोज पहांटे पाऊण तास झपझप चालतो. नवरात्रापर्यंत नेम अखंड असतो. धनत्रयोदशीला पाहुणे येतात, पाडव्याला सासुरवाडीस जावें लागतें, भाऊबीजेला बहिणीकडे. ‘तुळशीच्या लग्नानंतर पुन्हां सुरुवात,’ असें तो म्हणतो. तुळशीचें लग्न लागतें; नेम मात्र संक्रांतीपर्यंत लागत नाहीं.

याला आळस म्हणणें अन्यायाचें होईल. त्याचा नेम कचेरीच्या मोटारीच्या वेळेला बांधलेला होता. सुटींत ती वेळच नाहींशी झाली. खुंटी गेली तेव्हां तिच्यावरचें वस्त्रही खालीं आलें. पण त्याचें नुकसान मात्र खरें आहे. व्यायामानें स्नायू रक्तांतील साखर अधिक चांगल्या रीतीनें शोषून घेऊं लागतात. हा परिणाम साधारणतः एक-दोन दिवसच टिकतो. म्हणूनच मधुमेह्यांनीं लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडूं देऊं नये, असें तज्ज्ञ सांगतात. करंज्या आणि अनारशांच्या दिवसांतच पांच-सहा दिवसांचा खंड पडावा, हें त्या गृहस्थास परवडण्यासारखें नाहीं.

वास्तविक दिवाळीचा आणि व्यायामाचा वैरभाव मुळांत नाहींच. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदयां’तील दिनचर्येच्या अध्यायांत आधीं अभ्यंग, मग व्यायाम, नंतर उद्वर्तन आणि शेवटीं स्नान असा क्रम आहे. नरकचतुर्दशीच्या पहांटेसाठीं तेल, उटणें आणि ऊन पाणी हीं तिन्ही घरोघर जतन झालीं. मधला व्यायाम तेवढा गळाला! स्निग्ध अन्न खाणाऱ्या सशक्त माणसांनीं थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, असेंही तेथें सांगितलें आहे. ‘अर्ध्या शक्तीनें’ हे शब्द सणाच्या दिवसांत फार उपयोगाचे आहेत. पाऊण तास जमत नसेल, तर तेल लावल्यावर बारा सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीं ते आपल्या संस्थानांतील शाळांतून रूढ केले. त्यांना मैदान नको, सोबती नको, एका सतरंजीएवढी जागा पुरते. पाहुण्यांनीं भरलेल्या घरांतही तेवढी निघते.

एखादा दिवस चुकलाच, तर सगळा नेम बुडाला असें मानूं नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, नवी संवय अंगवळणीं पडण्यास माणसागणिक १८ पासून २५४ दिवस लागतात असा अंदाज निघाला; मधला एखादा दिवस चुकल्यानें मात्र संवयीचें फारसें बिघडलें नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे फटाक्यांचा धूर खालींच रेंगाळत असतो. त्या दिवशीं रस्त्यावर चालण्याऐवजीं घरांतच हातपाय हलवावेत हें शहाणपणाचें.

या उपदेशांत गृहिणीचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ती चार-चार तास चुलीपुढें उभी असते, आणि घरच्यांना तोच तिचा व्यायाम वाटतो. त्यानें कंबर धरते, दम वाढत नाहीं. गृहस्थानें माळे झाडण्याचें आणि चकलीचा सोऱ्या दाबण्याचें काम अंगावर घेतलें, तर त्याचे दंड कामीं येतील आणि पत्नीलाही संध्याकाळीं अर्धा तास बाहेर पडतां येईल. पाडव्याच्या ओवाळणींत त्यानें तेवढा वेळ घातला तरी चालेल.

मुलांची काळजी कमी करावी. इमारतीच्या कोपऱ्यांत किल्ला बांधणारीं पोरें दगड-माती वाहतांना दिवसभर घामाघूम होतात. भाऊबीजेनंतरच्या रविवारीं त्यांना खरा किल्ला दाखवावा: आकुर्डीहून लोणावळ्याच्या लोकलनें मळवली, आणि तेथून पायीं लोहगड. त्या चढावर बापाला मुलांच्या मागून धापा टाकीत जावें लागेल; फराळाचा डबा मात्र त्याच्याच पाठीवर असावा.