राजीनामा : राजीखुशीचा कागद
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उपासक-उपासिकांपुढे झालेले भाषण)



आज मी एका शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे राजीनामा. मंत्री राजीनामा देतो, शिक्षक देतो, सरपंच देतो. हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्याच्या पोटात काय आहे हे पाहण्याची कोणास गरज वाटत नाही. जुन्नर व घोडेगाव येथील न्यायालयांत वकिली करताना मला मात्र ते पाहणे भाग पडले.

'राजी' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ संतुष्ट, संमत असलेला. नोकरीत आपण जी 'रजा' मागतो तीही त्याच धातूपासून निघाली आहे; रजा म्हणजे मूळची संमती. 'नामा' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ लेख असा आहे. करारनामा, जाहीरनामा, हुकूमनामा यांतील 'नामा' तोच. तेव्हा राजीनामा म्हणजे अक्षरशः राजीखुशीचा कागद. हिंदीत आजही त्याचा अर्थ तडजोडीचा लेख असा होतो, आणि पद सोडण्यास तेथे 'इस्तीफा' म्हणतात. मराठीत, गुजरातीत, कन्नडात व तेलुगूत मात्र तो सोडून जाण्याचा कागद झाला.

असे का व्हावे? माझा तर्क असा की याचे उत्तर महसुली दप्तरात आहे. मुंबई इलाख्यात खातेदारास जमीन सोडावयाची असली म्हणजे तो राजीनामा लिहून देई, आणि तीच जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. 'मी राजीखुशीने सोडतो' या वाक्यातील 'राजी' शब्दात राहिली आणि 'सोडतो' हा अर्थ झाला.

आता ही राजीखुशी कशी होती ते पाहा. कर्जात बुडालेल्या कुणब्याची जमीन अशाच कागदाने सावकाराच्या नावावर चढे, आणि पुष्कळदा तोच कुणबी त्याच शेतात कूळ म्हणून राबत राही. त्याला वाचता येत नव्हते. अंगठा त्याचा आणि राजीखुशी सावकाराची! १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. ते रोख्यांवरच का तुटून पडले, हे ज्याने असा कागद वाचला आहे त्यास सांगावे लागत नाही. पुढे १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कायद्याने न्यायालयांस कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. म्हणजे कागदावर 'राजी' लिहिलेले असले तरी माणूस राजी होता काय, हे विचारणे कायद्यालाही भाग पडले.

खरा राजीखुशीचा लेख पाहावयाचा असेल तर दूर जावयास नको. येथल्या मानमोडीच्या डोंगरातील लेण्यांत ब्राह्मी लिपीतील दानलेख आहेत. कोणत्या गावची किती निवर्तने जमीन दिली, हे त्यांतून दगडावर स्पष्ट कोरलेले आहे. जमीन त्या दात्यांनीही सोडलीच. पण कोणी त्यांचा हात धरून ते लिहवून घेतलेले नाही.

आपल्या वाडवडिलांची गोष्ट सावकाराच्या ऋणकोहून उलटी होती. त्याच्याकडून नको तो राजीनामा घेतला गेला. महार वतनदारास हवा तो राजीनामा देता येत नव्हता. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली चाकरी बापाकडून मुलाकडे येई. तिला दिवस-रात्र नव्हती, आणि वतनदार हजर नसला तर घरातील दुसऱ्याने जावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्तीचे बिल आणले. वतनदाराने पूर्ण सारा भरून जमीन राखावी आणि चाकरीतून मोकळे व्हावे, अशी वाट त्यात ठेवली होती. हा वतनदाराचा राजीनामाच होता. ते बिल पुढे परत घ्यावे लागले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. इंग्रजीत 'रेझिग्नेशन' या शब्दास दोन अर्थ आहेत : पद सोडणे, आणि वाट्याला आले ते मुकाट्याने सोसणे. पहिल्याची दारे बंद असली म्हणजे माणसाच्या वाट्यास दुसराच येतो.

बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडले, अस्पृश्य वर्गांकडे दुर्लक्ष झाले, आणि आणखीही कारणे होती. ऑक्टोबरमध्ये सभागृहात निवेदन करावयास ते उभे राहिले, तेव्हा त्याची प्रत आधी दाखवा असे त्यांना सांगण्यात आले. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांस दिले. पद सोडण्याची कारणे दुसऱ्याच्या परवानगीने सांगण्यास ते राजी नव्हते.

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. आमच्या एका भगिनीस राखीव जागेवर निवडून येताच कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही करावयास लावली होती. 'अडीच वर्षे तुमची, पुढची दुसऱ्याची,' असे गावच्या पुढाऱ्यांनी ठरविले होते. तिला कोणी विचारले नव्हते. तो कागद बाहेर निघाला तेव्हा ती माझ्याकडे आली ती नवव्या दिवशी. २०११ पासून महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांस आहेत, त्यामुळे असे कागद पुढेही निघतील.

म्हणून हे घरी जाऊन लिहून ठेवा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, कलम २९. सदस्याचा राजीनामा सरपंचाच्या नावे आणि सरपंचाचा पंचायत समितीच्या सभापतीच्या नावे, स्वतःच्या सहीने लेखी द्यावा लागतो. तो पंचायतीच्या पुढील सभेत ठेवला जातो. तो खरा नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्याने सभेत ठेवल्यापासून सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्याकडे वाद नेला पाहिजे. न नेल्यास सात दिवस संपताच राजीनामा अंमलात येतो. सभेची नोटीस आली की आधी विषयपत्रिका वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी, आणि आठव्या दिवसाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी वकिलाकडे यावे.