देहाची भाषा आणि पवळाबाई



नृत्य म्हणजे निव्वळ करमणूक, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु देहालाही भाषा असते. बुद्धमूर्तीचा उचललेला तळहात अभय देतो. भूमीला टेकलेली बोटे पृथ्वीला साक्षीला बोलावतात. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे राहताना, हात आखडताना-पसरताना सजग राहण्याची शिकवण आहे. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात तर बुद्धाच्या गाभाऱ्यातच नर्तकी कोरलेली असून सहा स्त्रिया तिला वाद्यांची साथ करीत आहेत. तिथे तिला मानाची जागा आहे.

आपल्या जिल्ह्यातील नर्तकीला ती मिळाली काय?

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावच्या पवळाबाई (१८७०-१९३९) महार समाजात जन्मल्या. तमाशात बाईचे काम नाच्या पोऱ्या करी, त्या काळात त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५), यांच्या लावण्या त्यांनी गाजविल्या. शब्द शाहिराचे; पण नजर, मनगट, पदर आणि घुंगरू यांतून त्यांचा अर्थ शेवटच्या माणसापर्यंत पोचविणे ही पवळाबाईंची विद्या होती. मात्र ज्यांच्या अदेला लोक दाद देत, त्या जातीच्या माणसांचा पाणवठ्यावर विटाळ होई.

या दोघांनी तमाशाच्या पैशातून चळवळीला मदत देऊ केली व बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकिकत सांगतात. आम्हाला तिचा अर्थ असा वाटतो : आपल्या लेकीबाळींना पोटासाठी बोर्डावर उभे राहावे लागते, त्या व्यवस्थेचा पैसा त्यांना नको होता. तो नकार रास्तच होता. पण त्याचा आधार घेऊन आपण पवळाबाईंचे नावच घरातून पुसावे, हे रास्त नाही. लाज वाटायची असेल तर ती विटाळ मानणाऱ्यांना वाटावी.

म्हणून विद्यार्थिनींना आमचे सांगणे आहे : नाचावेसे वाटले तर शिकून, आपल्या खुशीने नाचा. नाचायचे नसेल तर तसे सांगण्याची ताकद शिक्षणातून मिळवा. पवळाबाईंकडे कला होती, पण ही मोकळीक किती होती? ती मोकळीक प्रत्येक मुलीला देणे हे आपल्या समाजाचे काम आहे. पालकांनीही स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलीला नावे ठेवू नयेत. तिची वही आणि तिचे घुंगरू, दोन्ही जपावेत.

जय भीम!