चिलखताला लावलेले ठिगळ
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या आज्ञापत्रांवरून आणि शस्त्रकारखान्यांच्या नोंदींवरून लिहिला जातो. त्या इतिहासात लढाईचे यंत्र कारखान्यातून बाहेर पडले तसेच दिसते. ते चालवणाऱ्या सामान्य सैनिकाने त्याला कोठे पत्रा जोडला, कोठे वाळूची पोती रचली, कोठे दुसरीकडून मिळवलेली मशीनगन बसवली, याची नोंद ठेवण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. वस्तुतः युद्धाचे खरे स्वरूप समजून घ्यायचे असेल, तर या ठिगळाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. रणांगणावर जोडलेला प्रत्येक पत्रा हा सैनिकाने आपल्या शासनाला केलेला, पण कागदावर न उतरलेला तक्रारअर्ज असतो. माझ्या जिवाचा हिशेब योजनेत धरलेला नव्हता, एवढेच त्या अर्जात म्हटलेले असते.

या दृष्टीने व्हिएतनाम युद्धातील एम-११३ या सैनिकवाहू चिलखती गाडीची कथा अभ्यासण्यासारखी आहे. ही गाडी तयार करणाऱ्या एफएमसी या अमेरिकन कंपनीचा उगम १८८३ सालचा. फळबागांवर औषध फवारण्याचे पंप करणारा तो एक धंदा होता. पुढे फळे डबाबंद करण्याची यंत्रे त्यात आली आणि त्यानंतर युद्धसामग्री. १९६० साली अमेरिकन लष्करात दाखल झालेली एम-११३ म्हणजे साखळीपट्ट्यांवर चालणारी अॅल्युमिनियमची एक मोठी पेटीच होती. आत चालक, गाडीप्रमुख आणि ११ सैनिक; छतावर अर्ध्या इंची गोळीची एक जड मशीनगन. अॅल्युमिनियममुळे गाडी हलकी झाली, पाण्यातून तरंगत जाऊ लागली आणि विमानातून नेता येऊ लागली. सैनिकांना लढाईच्या जागेपर्यंत सुखरूप पोहोचवायचे आणि तेथे उतरवायचे, एवढेच काम तिच्या योजकांनी कल्पिले होते. गाडीत बसूनच लढाई करावी लागेल, हे त्यांच्या आराखड्यात नव्हते. म्हणून मशीनगन चालवणारा माणूस छताच्या गोल तोंडातून कंबरेपर्यंत बाहेर उभा राही आणि त्याच्यापुढे आडोसा म्हणून काहीही नसे.

१९६२ सालच्या वसंतात या गाड्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला मिळाल्या. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, भातखाचरांतून आणि चिखलातून धडधडत येणारे हे धूड पाहून सुरुवातीला राष्ट्रीय मुक्ती आघाडीच्या, म्हणजे ज्यांना व्हिएतकाँग म्हटले जाई त्या गनिमांची त्रेधा उडाली. बंदुकीची गोळी या गाडीला लागत नाही असे दिसताच ते खंदक सोडून उघड्यावर पळत आणि मारले जात. सायगावमधील अमेरिकन अधिकाऱ्यांना वाटले की विजयाची किल्ली हाती आली.

तो भ्रम २ जानेवारी १९६३ रोजी अप बाक या खेड्यात संपला. सायगावच्या नैर्ऋत्येस असलेल्या या खेड्याच्या बांधावर, झाडीच्या आडोशाने खणलेल्या खंदकांत सुमारे ३५० गनीम बसले होते. त्यांच्यावर चालून आलेले सरकारी सैन्य त्यांच्या कैक पटीने मोठे होते. तोफा, विमाने, हेलिकॉप्टर आणि १३ एम-११३ गाड्या त्याच्या दिमतीस होत्या. त्या दिवशी पाच हेलिकॉप्टर कामातून गेली. ती ज्या शेतात पडली होती तेथपर्यंत चिलखती गाड्यांना कालवे आणि बांध ओलांडत पोहोचायला तासन् तास लागले. पोहोचल्यावरही त्या एकवटून पुढे आल्या नाहीत. एकेक, दोनदोन करून आल्या. गनिमांनी मधल्या काळात या गाडीचा अभ्यास केला होता. गाडीवर गोळ्या वाया घालवायच्या नाहीत, वर उभ्या असलेल्या माणसावर नेम धरायचा, एवढीच त्यांची युक्ती. एक मशीनगनवाला पडला की दुसरा त्याच्या जागी उभा राही आणि तोही पडे. अखेर काही गनीम खंदकातून बाहेर येऊन हातबाँब घेऊन गाड्यांवर धावले, तेव्हा गाड्या मागे फिरल्या. रात्रीच्या अंधारात गनीम निसटून गेले. सरकारी सैन्याचे सुमारे ८० लोक ठार झाले होते. त्यांपैकी १४ जण मशीनगन चालवणारे होते.

या १४ मृत्यूंनंतर पहिले ठिगळ आले. दक्षिण व्हिएतनामी सैन्याच्या कर्मशाळेत मशीनगनपुढे बसवण्यासाठी ढाली तयार होऊ लागल्या. त्यांचे लोखंड आले ते एका बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यांतून. हा पत्रा मऊ होता, साध्या बंदुकीची गोळीही त्यातून आरपार जाई. मग मोडीत निघालेल्या चिलखती गाड्यांचे पोलाद कापून त्याच्या ढाली केल्या गेल्या. जगातील सर्वांत श्रीमंत राष्ट्र ज्या युद्धाचा खर्च करीत होते, त्या युद्धात मशीनगनवाल्याची छाती झाकण्यासाठी भंगार शोधावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढचा टप्पाही तितकाच बोधप्रद आहे. खाली उतरून लढण्याऐवजी गाडीवरूनच लढायचे, ही रीत दक्षिण व्हिएतनामी सैनिकांनी परिस्थितीच्या रेट्याने घडवली. लष्करी पाठ्यपुस्तकात ती बसत नव्हती. १९६६ च्या सप्टेंबरात अमेरिकेची ११ वी चिलखती घोडदळ रेजिमेंट व्हिएतनाममध्ये उतरली, तेव्हा तिच्या एम-११३ गाड्यांवर मुख्य मशीनगनभोवती पोलादी कडे होते आणि मागच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना ढालींसह आणखी दोन मशीनगन होत्या. आता या गाडीला नवे नाव मिळाले: चिलखती घोडदळ हल्लागाडी. जुळवणीचे तयार संच कारखान्यातून येऊ लागले. भंगारातून सुरू झालेली युक्ती अशा रीतीने नियमित मालाच्या यादीत गेली. मूळ ढाली ज्या व्हिएतनामी कारागिरांनी कापल्या, त्यांची नावे मात्र कोणत्याही यादीत नाहीत.

परंतु ढाल समोरून येणाऱ्या गोळीला अडवते. जमिनीतून येणाऱ्या स्फोटाला ती काय करणार? गनिमांचे उत्तर भूसुरुंगांच्या रूपाने आले, आणि तेही ठिगळाचेच होते. न फुटलेले अमेरिकन बाँब आणि तोफगोळे शेतातून उचलायचे, त्यांतली दारू काढायची आणि तिचे सुरुंग करून रस्त्यात पुरायचे, असा हा उद्योग होता. अमेरिकेने आकाशातून टाकलेले पोलाद व्हिएतनामच्या मातीतून अमेरिकन गाडीखाली परत येत होते. १९६८-६९ च्या सुमारास निकामी झालेल्या चिलखती सैनिकवाहू गाड्यांपैकी तीन चतुर्थांशांच्या आसपास गाड्या सुरुंगांनी गेल्या.

यावर सैनिकांनी काय केले? गाडीच्या तळाशी वाळूची पोती अंथरली आणि स्वतः छतावर जाऊन बसले. काही चालकांनी तर सुकाणूच्या दांड्यांना लांब नळ्या जोडून छतावर बसूनच गाडी हाकण्याची सोय केली. ज्या चिलखताच्या आत सुरक्षित राहायचे, त्याच्या बाहेर बसणे अधिक सुरक्षित ठरले. आगीतून फुफाट्यात म्हणतात तशी ही गत होती, कारण बाहेर बसलेल्याला बंदुकीची गोळी होतीच. रात्री मुक्काम पडला की खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या रॉकेटांना आडवे येण्यासाठी गाडीपुढे तारेच्या जाळीचे कुंपण उभारले जाई. इंधनाची टाकी माणसांच्या शेजारी, गाडीच्या आत होती. ती बाहेर नेलेली सुधारित आवृत्ती १९८७ साली आली. युद्ध संपून तोवर १२ वर्षे झाली होती.

छतावर बसलेली ही मुले कोण होती, हेही विचारले पाहिजे. महाविद्यालयात शिकणाऱ्यास सक्तीच्या भरतीतून सवलत मिळत होती. ज्याला फी परवडत नव्हती तो व्हिएतनामला गेला. ख्रिश्चन अॅपी या अमेरिकन इतिहासकाराच्या अभ्यासानुसार तेथे गेलेल्या साध्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के कामकरी व गरीब घरांतील होते. आणि समोर खंदकात होता तो भातशेती करणारा कुळवाडी. वाळूची पोती भरणाराही श्रमिक आणि सुरुंग पुरणाराही श्रमिक.

ट्रकचालकांची कथा याहून करुण आहे. २ सप्टेंबर १९६७ रोजी क्वी न्यॉन बंदराकडे परतणाऱ्या ३७ ट्रकांच्या ताफ्यावर १९ क्रमांकाच्या महामार्गावर छापा पडला. काही मिनिटांत सुमारे ३० ट्रक जळाले किंवा मोडले, सात चालक ठार झाले. त्यानंतर चालकांनी स्वतःच काही ट्रक लढाऊ बनवले. प्रथम फळ्या आणि वाळूची पोती लावली. पावसात पोती भिजून ट्रक जड होऊ लागले, तेव्हा पोलादी पत्रे आले. पुढे तर निकामी झालेल्या एम-११३ चा सांगाडा उचलून पाच टनी ट्रकच्या हौद्यात बसवण्यापर्यंत मजल गेली. या ट्रकांना लष्कराच्या मंजूर साधनांच्या तक्त्यात जागा नव्हती. पत्रे आणि जादा मशीनगन देवघेव करून, ओळखीपाळखीने मिळवाव्या लागत. युद्ध संपले आणि हे ट्रक मोडीत गेले. एक तेवढा अमेरिकेतील लष्करी वाहतूक संग्रहालयात जपून ठेवला आहे.

जे तक्त्यात नव्हते ते स्मरणातूनही गेले. २००३ साली अमेरिकेने इराकवर आक्रमण केले, तेव्हा तिचे वाहनचालक पुन्हा उघड्या गाड्यांतून रस्त्यावर होते आणि पुन्हा पत्रे शोधत होते. ८ डिसेंबर २००४ रोजी कुवेतमधील छावणीत एका साध्या सैनिकाने संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना सर्वांसमक्ष विचारले की गाड्यांना लावण्यासाठी आम्हाला उकिरड्यांवरून भंगार का उकरावे लागते? जमलेल्या सैनिकांनी त्या प्रश्नाला दाद दिली. जे सैन्य हाताशी असते ते घेऊनच युद्धाला जावे लागते, अशा आशयाचे उत्तर मंत्र्यांनी दिले. मात्र हे युद्ध कोणी लादलेले नव्हते; त्याची तारीख वॉशिंग्टननेच ठरवली होती. शिवाय त्याच आठवड्यात चिलखती गाड्या पुरवणाऱ्या कंपनीने सांगितले की मागणी आली तर उत्पादन वाढवता येईल. म्हणजे पोलादाचा तुटवडा नव्हता, कारखान्याचाही नव्हता. सैनिकाचा जीव वाचवणे हे काम कोणाच्या टेबलावर तातडीचे म्हणून आलेले नव्हते.

हा दोष एकट्या अमेरिकेचा आहे असे समजण्याचे कारण नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तेच दृश्य दुसऱ्या बाजूला दिसले. एमटी-एलबी ही सोव्हिएत काळातील हलकी चिलखती गाडी मुळात तोफा ओढण्यासाठी, खारकिवच्या ट्रॅक्टर कारखान्यात घडवलेली. २०२३ च्या सुरुवातीस रशियन सैन्याकडील अशा काही गाड्यांवर जहाजांवरच्या जुन्या २५ मिलिमीटर विमानविरोधी तोफा, बुरुजासकट, बसवलेल्या दिसल्या. पातळ पत्र्याच्या गाडीवर उंच बुरूज, म्हणजे लांबून दिसणारे लक्ष्यच. आणि जेथे ही गाडी जन्मली तो खारकिवचा कारखाना आक्रमणाच्या पहिल्या आठवड्यांतच रशियन माऱ्याने उद्ध्वस्त झाला होता. त्याच २०२२ साली अमेरिकेने युक्रेनला २०० एम-११३ देऊ केल्या. साठ वर्षांपूर्वीच्या त्या पेटीवर आता आकाशातून येणाऱ्या छोट्या ड्रोनना अडवण्यासाठी पिंजरे आणि जाळ्या चढू लागल्या. आक्रमक कोण आणि आक्रांत कोण, हा भेद येथे पुसता कामा नये. आपल्या भूमीसाठी लढणाऱ्याच्या जाळीमागे वेगळी निकड आहे. परंतु दोन्ही बाजूंचा सैनिक ठिगळावर जगत होता, ही वस्तुस्थिती राहतेच.

अशा युक्त्यांचे कौतुक करण्याची एक फॅशन आहे. सैनिकाची कल्पकता, त्याचा जुगाड, त्याची जिद्द यांवर छायाचित्रांसह लेख येतात. कौतुक जरूर व्हावे. लांब दांड्या जोडणारा चालक हा कोणत्याही अभियंत्याइतकाच बुद्धिमान होता. पण कौतुकाच्या आडून जबाबदारी निसटते. ज्याने ढाल द्यायला हवी होती तो सुटतो आणि ज्याने ती भंगारातून केली त्याला शाबासकी मिळते. खाणीत, गिरणीत, गटारात काम करणाऱ्यांच्या बाबतीत हाच न्याय चालत आलेला आहे. तोंडाला फडके बांधणाऱ्या कामगाराची चतुराई वाखाणली की मुखवटा न पुरवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. अप बाकचा पराभव ढाली नव्हत्या एवढ्यामुळेच झाला नाही. राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांना आपल्या सैन्याची जीवितहानी नको होती, कारण शेतकऱ्यांच्या विश्वासाऐवजी बंडापासून बचाव करणाऱ्या सैन्यावर त्यांची सत्ता उभी होती. चिलखती गाड्या त्यांना मुख्यतः त्यासाठीच हव्या होत्या. अधिकारी पुढे जायला कचरत, ते म्हणूनच. खेड्यातील माणूस काटेरी कुंपणाच्या वसाहतींत कोंडला जात होता, त्याचे मन गनिमांकडे होते, आणि सल्लागार मंडळी मात्र पत्र्याची जाडी मोजत बसली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार. १ नोव्हेंबर १९६३ रोजी बंड झालेच. दिएम आणि त्यांचे बंधू न्हू यांना पकडून नेताना गोळ्या घालण्यात आल्या, त्या एका एम-११३ गाडीच्या पोटात. त्या गाडीला चिलखत होते. बंदूक आतच होती.

साथींनो, युद्धाच्या बातम्यांत एखाद्या गाडीवर वेडावाकडा जोडलेला पत्रा किंवा पिंजरा दिसला, तर हसण्यापूर्वी किंवा वाहवा करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हा पत्रा लावावा लागण्यापूर्वी तेथे किती माणसे मेली? आणि त्या माणसांना तेथे धाडणाऱ्यांना याचा जाब कोणी विचारला का? कुवेतच्या छावणीतील त्या साध्या सैनिकाने तो विचारला होता. तो प्रश्न एकट्या सैनिकावर सोपवून नागरिकांनी गप्प बसावे, हे लोकशाहीत शोभणारे नाही.