डोंगरापलीकडचा शब्द

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. माझी कविता झाली, टाळ्या झाल्या. मंचावरून खाली उतरलो तर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान लिहिता हो मराठी! पण खरं सांगा, तुमचं मन इथं असतं की तिकडं?" आणि त्यांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी हसून वेळ मारून नेली.

परतीच्या एस.टी.त वसईचे एक कवीमित्र शेजारी होते. ते कॅथलिक. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आम्हाला हाच प्रश्न रोमच्या नावानं विचारतात. युरोपात तर त्यासाठी खास शब्द होता, अल्ट्रामॉन्टेन."

बी.ए.ला मला इतिहास होता, पण हा शब्द कधी भेटला नव्हता. घरी येऊन वाचत गेलो. मूळ लॅटिन, अर्थ 'डोंगरापलीकडचे'. डोंगर म्हणजे आल्प्स. फ्रान्स-जर्मनीतून पाहिलं तर रोम त्याच्या पलीकडे. धर्माच्या बाबतीत अखेरचा शब्द राजाचा नाही, देशातल्या बिशपांचाही नाही, तर पोपचा, असं मानणारे कॅथलिक म्हणजे अल्ट्रामॉन्टेन. आम्ही कोकणातले लोक 'घाटावरचे' म्हणतो ना, तसंच काहीसं. थोडी ओळख, थोडा संशय.

मला आधी ही निव्वळ आज्ञाधारकता वाटली. पण मागचा इतिहास वेगळं सांगत होता. फ्रान्सचे राजे बिशप स्वतःच निवडत. क्रांतीनंतर १७९०च्या कायद्यानं धर्मगुरू जवळजवळ सरकारी नोकर झाले. १८०९मध्ये नेपोलियननं पोप सातवे पायस यांनाच कैद केलं. तेव्हा अनेकांना वाटलं, की दारातल्या सत्तेपासून श्रद्धा वाचवायची तर आधार दूरचाच हवा. दूरच्या अधिकारातही काहींना मोकळीक दिसते, ती अशी.

या विचाराचा विजय झाला १८ जुलै १८७० रोजी. व्हॅटिकनच्या परिषदेत ५३३ मतं ठरावाच्या बाजूनं पडली, विरुद्ध फक्त २. न पटलेले पन्नासहून अधिक बिशप मतदानाआधीच रोम सोडून गेले होते. ठराव असा, की पोप श्रद्धा किंवा नीतीविषयी सर्व चर्चसाठी अधिकृत सिद्धांत सांगतात, तेव्हा ते चुकत नाहीत. पोपांचा प्रत्येक शब्द अचूक, असा त्याचा अर्थ नाही. त्यानंतर या अधिकारानं सिद्धांत जाहीर झाला तो १९५०मध्ये, मरियेच्या स्वर्गारोहणाबद्दल. गंमत म्हणजे १८७०च्याच सप्टेंबरात इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं आणि पोपांचं राज्य गेलं.

मग संशय वाढला. १८७४मध्ये इंग्लंडचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पुस्तिका लिहून विचारलं, की असे कॅथलिक देशाशी निष्ठावान राहू शकतील का? माझ्या त्या गृहस्थांचाच प्रश्न! १८७५मध्ये जॉन हेन्री न्यूमन यांनी उत्तर दिलं. पोपचा अधिकार त्यांनी नाकारला नाही. पण सद्सद्विवेकबुद्धीचा मान पोपच्याही आधी ठेवला. आणि त्याच न्यूमन यांना १८७९मध्ये रोमनं कार्डिनल केलं.

तरी प्रश्न संपला नाही. १९६०मध्ये निवडणुकीच्या धामधुमीत केनेडींना ह्यूस्टनला जाऊन सांगावं लागलं, की माझे निर्णय पोप घेणार नाहीत. त्याच अमेरिकेत जन्मलेले लिओ चौदावे २०२५मध्ये पोप झाले.

आपल्या मुंबईतही हा वाद होता. चर्चवर हक्क पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा, यावरून एकाच शहरात दोन अधिकार चालत. १८५३मध्ये माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या ताब्यावरून तो फारच चिघळला. अखेर १९२८च्या करारानं ही दुहेरी व्यवस्था संपली. दोन्हीकडची माणसं श्रद्धाळूच होती.

आम्हा सुन्नी मुसलमानांत पोप नाही. खलिफा होते, त्यांच्यासाठी हिंदुस्थानात मोठी चळवळ झाली, गांधीजीही तीत होते. १९२४मध्ये खुद्द तुर्कस्ताननंच ते पद रद्द केलं. आमचा नमाज तेव्हाही चालू होता, आजही आहे. मी पश्चिमेकडे तोंड करतो ते प्रार्थनेसाठी. तिकडच्या कुठल्या सरकारचा हुकूम घ्यायला नव्हे.

पुढे एका रविवारी त्या मित्रांकडे वसईला गेलो होतो. त्यांच्या चर्चमध्ये मिस्सा चालू होती, मागच्या बाकावर बसून ऐकली. सगळी मराठीत. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "किती आपलं वाटलं!" ते म्हणाले, "माझ्या आजोबांच्या वेळी हे लॅटिनमध्ये होतं. १९६२ ते १९६५च्या व्हॅटिकन परिषदेनं लोकभाषांना मोकळीक दिली, म्हणून मराठी आली."

म्हणजे त्यांच्या वेदीवर मराठी आली ती डोंगरापलीकडून आलेल्या शब्दानं. ते गृहस्थ मला पुन्हा भेटले नाहीत. भेटले तर आता हसून वेळ मारून नेणार नाही. त्यांना घेऊन एका रविवारी वसईला जाईन, मागच्या बाकावर शेजारी बसवीन आणि म्हणेन, "काका, आधी ऐका तर!"